गाडीवाल्यांच्या घरातलं क्रोम

ज्या माणसाकडे आयुष्यात कधी सायकलसुद्धा नव्हती, त्याला अख्खी इमारत गाडीवाले म्हणायची. नव्याने राहायला आलेल्यांचा हमखास घोटाळा व्हायचा. कुणाला सामान न्यायला वाहन हवं असलं की खालचा रखवालदार बेलाशक सांगायचा, "तिसऱ्या मजल्यावर गाडीवाले आहेत, त्यांना विचारा." माणूस धापा टाकत जिने चढायचा, बेल वाजवायचा, आणि दार उघडल्यावर समोरच्या काचेच्या कपाटात ओळीने लावलेल्या चाळीसेक गाड्या बघून तसाच उभा राहायचा. त्यातली सगळ्यांत मोठी गाडी वीतभर होती. "यातली कुठली देऊ?" असं गाडीवाले गंभीर चेहऱ्याने विचारायचे. हा त्यांचा एकुलता एक विनोद, आणि तो त्यांनी वीस-पंचवीस वर्षं पुरवून वापरला.

पोटापाण्याचं काम वेगळंच होतं, वजनकाट्यांच्या एका दुकानात नोकरी. दुकानांचे, गोदामांचे, दवाखान्यांचे वजनकाटे बिघडले की ते नीट करायला जायचे. पितळी वजनांची लाकडी पेटी घेऊन सकाळी निघायचं, काटा उघडायचा, आतली धूळ झाडायची, दांडी जिच्यावर तोलते ती झिजलेली धार घासायची आणि मग एकेक वजन ठेवून बघायचं. केसभर फरक असला तरी त्यांच्या नजरेतून सुटायचा नाही. दुकानदार वैतागून म्हणायचे, "अहो, एवढ्यातेवढ्याने काय होतंय, चालतंय की." गाडीवाले म्हणायचे, "चालतंय हो, पण बरोबर नाही." वाद घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते पुन्हा काटा उघडून बसायचे.

गाड्यांचा नाद लागला तो लग्नाआधी, एका रद्दीच्या दुकानात. काटा दुरुस्त करून हात पुसत असताना ढिगात एक खोका दिसला. झाकणावर समुद्राकाठचा रस्ता आणि त्यावरून निघालेली निळसर हिरवी, लांबलचक अमेरिकन गाडी. मागे माशाच्या परांसारखे दोन उंच पंख, कडेकडेने चांदीची चकचकीत रेघ. आत प्लास्टिकचे अर्धवट जोडलेले भाग होते आणि एक चाक गायब होतं. रद्दीवाल्याने तो खोका तसाच देऊन टाकला. गाडीवाल्यांनी असली गाडी रस्त्यावर कधी पाहिली नव्हती, पुढेही कधी पाहिली नाही. त्यांना वेड लावलं ते त्या पंखांनी. ज्या घरात ते वाढले त्या घरात बिनकामाची एक वस्तू नव्हती. फुटक्या कपालासुद्धा काही ना काही काम असायचं. आणि इथे कुणीतरी एवढी मोठी गाडी बनवून तिला दोन पंख लावले होते, ज्यांचा उपयोग काही म्हणता काही नव्हता. त्या रात्री त्यांनी बाटलीच्या बुचाचं चौथं चाक केलं.

मग पगारातून जमेल तसा एकेक संच आणायचा असं सुरू झालं. अशा संचाच्या खोक्यात गाडी तयार नसते, प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले गाडीचे शंभरेक तुकडे असतात. एकेक तुकडा चौकटीतून कापायचा, घासायचा, फटी पुट्टीने बुजवायच्या, प्रायमर मारायचा, रंगाचे पातळ हात द्यायचे, ते सुकले की पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिशपेपरने घासून आरशासारखं करायचं. इंजिनाला केसाएवढ्या तारा ओवायच्या, डॅशबोर्डवर एक केस उरलेल्या ब्रशने काटे रंगवायचे. आणि सगळ्यात शेवटी क्रोम. खिडक्यांच्या चौकटी, दाराच्या रेघा, हे सगळं वर्खासारख्या पातळ, मागून चिकट असलेल्या पन्नीने मढवायचं आणि नव्याकोऱ्या पात्याने कडेकडेने कापून जादाची पन्नी उचलायची. हात जरा हलला की रेघ नागमोडी. एक गाडी करायला पाच-सहा महिने सहज लागायचे.

लग्न झाल्यावर बायकोने पहिल्या आठवड्यातच विचारलं होतं, "या घरात श्वास घ्यायचा की रंग?" त्यावर तोड निघाली. रंग फक्त गॅलरीत, पुठ्ठ्याच्या खोक्यात तोंड घालून मारायचा, आणि त्यांच्या एकाच खोलीत ओट्याजवळच्या खिडकीपाशी असलेलं टेबल संध्याकाळी जेवणं झाल्यावर त्यांचं. बायको शर्टांच्या कारखान्यात काजं करायची. दिवसभर शेकडो काजं, मशीन बिघडलं तर हातानेही. संध्याकाळी ती थकलेली असायची. गाडीवाले टेबलाशी, ती पलंगावर पाय लांब करून, मधे रेडिओ, आणि पुढे मुलगी झाल्यावर तिचा अभ्यास. कुणी कुणाच्या वाटेला जात नसे. शेजारणी तिला गाडीवाल्या वहिनी म्हणायच्या, त्याचंही तिला काही नव्हतं.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. गाडीवाल्यांच्या गाड्या बऱ्या होत्या. वाईट नव्हत्या, पण नुसत्या बऱ्या होत्या. कुठे रंगाखाली बोटाचा ठसा राहून गेलेला, कुठे काचेवर गोंदाचा पांढुरका धुरळा, आणि क्रोमची रेघ तर प्रत्येक गाडीला कुठे ना कुठे थरथरलेली. खेळण्यांच्या एका मोठ्या दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांचं सात-आठ जणांचं मंडळ जमायचं, वर्षातून एकदा तिथेच प्रदर्शन भरायचं. मंडळात दातांचे एक डॉक्टर होते. पहिला नंबर कायम त्यांचा. गाडीवाल्यांना दरवर्षी सहभागाचं प्रमाणपत्र मिळायचं. ते घरी येऊन सांगायचे, "डॉक्टरांकडे दात कोरायचं बारीक यंत्र आहे, डोक्याला लावायचा दिवा आहे. आपल्याकडे काय आहे?" बायको म्हणायची, "खरंय." आणि मग झोपताना ते स्वतःशीच म्हणायचे, नाचता येईना अंगण वाकडं. पण ते हसत हसत म्हणायचे. आपल्या मापात आपण आहोत, बाकीचं वय झाल्यावर जमेल, असं त्यांना वाटायचं. पन्नाशी उलटली तरी वाटतच होतं.

मुलीचं लग्न होऊन ती दुसऱ्या शहरात गेली त्याच्या पुढच्या वर्षी गाडीवाले एका गोदामात टांगता काटा काढताना स्टुलावरून पडले. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घालून ते घरी आले, आणि घरी टेबलावर एकोणीसशे एकोणसाठ सालची कॅडिलॅक उभी होती. त्यांनी आजवर केलेल्या गाड्यांत रंग तिचाच सर्वांत चांगला उतरला होता. गडद लाल. प्रदर्शन महिन्यावर आलेलं आणि फक्त क्रोम राहिलेलं.

दोन दिवस ते तिच्याकडे नुसते बघत बसले. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "मी बघू का करून?"

"तुला नाही जमायचं. पन्नी फाटते."

"फाटली तर दुसरी लावू. तुम्ही सांगा तसं करते."

त्यांनी सांगितलं. तिने पन्नीचा तुकडा कापला, खिडकीच्या कडेवर ठेवला, कापसाच्या काडीने हलके हलके दाबत बसवला. मग पातं हातात घेतलं. ते तोंड उघडून पुढचं सांगणार तेवढ्यात तिने एका दमात, न थांबता, खिडकीच्या कोपऱ्याला वळसा घालून पातं फिरवलं आणि जादाची पन्नी चिमटीत उचलली. खाली उरलेली रेघ जणू गाडीबरोबरच जन्माला आली होती.

गाडीवाल्यांनी डाव्या हाताने गाडी उजेडाकडे धरून पाहिली. मग म्हणाले, "हे कसं केलंस?"

"काजासारखंच आहे की. कापताना श्वास धरायचा आणि आपण कापतोय हे विसरायचं."

तो आठवडा त्यांच्या संसारातला फार चांगला गेला. रोज संध्याकाळी दोघं टेबलाशी बसत. ते डाव्या हाताने बॅटरी धरत, ती काम करी. मधेच ती विचारायची, "हे पंख कशाला हो?" आणि ते आनंदाने सांगायचे, "कशालाच नाही." तिला ते फार पटलं. ती हसली तेव्हा त्यांना वाटलं, एवढी वर्षं आपण वेगळे का बसत होतो?

प्रदर्शनात डॉक्टरांनी भिंग काढलं आणि कॅडिलॅकवर वाकले ते उठेनात. शेवटी म्हणाले, "गाडीवाले, हे क्रोम तुमचं?"

खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. अभिमानानेच म्हणाले, "छे हो. आमच्या हिने केलंय."

डॉक्टरांना आधी ती थट्टा वाटली. मग त्यांनी वहिनींना पुढे बोलावलं, चार प्रश्न विचारले, आणि पुन्हा भिंग लावलं. गाडीला दुसरा नंबर मिळाला. गाडीवाल्यांचा तो पहिलाच नंबर. परीक्षकांनी कागदावर एकच ओळ लिहिली होती: क्रोमचं काम अप्रतिम.

घरी येताना बायकोच्या हातात एक नवा खोका होता. डॉक्टरांनी आग्रहाने दिलेला. "वहिनी, एक गाडी पहिल्यापासून शेवटपर्यंत तुम्ही करा." तिने नवऱ्याकडे बघून विचारलं होतं, "करू?" आणि ते म्हणाले होते, "कर की. मी शिकवतो."

त्यांनी मनापासून शिकवलं. काही हातचं राखलं नाही. पुट्टी किती घट्ट असावी, फवारा किती लांबून मारावा, कुठला गोंद काचेजवळ आणायचा नाही. प्लास्टर निघालं, त्यांचा हात मोकळा झाला आणि टेबलावर दोन गाड्या झाल्या. तिचं शिकणं मात्र त्यांच्या शिकवण्याच्या पुढे धावायला लागलं. ती एकदा सांगितलेलं विसरत नसे, आणि न सांगितलेलं विचारी. "हा सांधा इथून दिसतोय, तुम्ही तसाच का सोडता?"

"रंग बसला की दिसत नाही. चालतं ते."

"मला दिसतंय ना पण." आणि ती पुन्हा घासायला घ्यायची.

गाडीवाल्यांना ते ओळखीचं वाटलं. जन्मभर दुकानदारांना जे सांगितलं तेच घरात कुणीतरी त्यांना ऐकवत होतं, तेही न भांडता. आणि ते दुकानदाराच्या जागी होते.

पुढच्या प्रदर्शनात दोघांनी गाड्या ठेवल्या. तिच्या गाडीला पहिला नंबर मिळाला. डॉक्टरांना दुसरा, आणि डॉक्टर स्वतःच सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होते. त्यांनी गाडीवाल्यांच्या खांद्यावर हात टाकून खोलीला ऐकू जाईल असं म्हटलं, "शिष्याने गुरूला मागे टाकावं, यासारखं गुरूचं भाग्य नाही."

सगळे हसले. गाडीवालेही हसले. त्यांच्या हातात सहभागाचं प्रमाणपत्र होतं. बायकोने ते पाहिलं आणि आपल्या हातातला चषक पिशवीत घातला. परत येताना बसमध्ये ती म्हणाली, "तुमचा रंग चांगला होता. त्यांना कळत नाही."

"त्यांना कळतं," गाडीवाले म्हणाले.

दुसरं कुणी असतं तर त्याने स्वतःची समजूत घातली असती. परीक्षक ओळखीचे होते, बाईमाणूस म्हणून कौतुक झालं, काहीही. गाडीवाल्यांना ती सोय नव्हती. दोन वस्तू शेजारी ठेवल्या की फरक किती आहे हे बघणं हा त्यांचा धंदा होता. घरी काचेच्या कपाटासमोर उभे राहिले की आता त्यांना गाड्या दिसत नसत. ठसे दिसत, फटी दिसत, थरथरलेल्या रेघा दिसत. तीस वर्षांचं काम, आणि त्यात एक गाडी अशी नव्हती की जिच्याकडे बघून बरं वाटावं. अंगण वाकडं नव्हतं. तेच टेबल, तीच खिडकी, तीच पाती, आणि तिच्या हातून वर्षात जे झालं ते त्यांच्या हातून तीस वर्षांत झालं नव्हतं. वय झाल्यावर जमेल हेही आता म्हणता येत नव्हतं.

ते म्हणू लागले, मनगट दुखतं. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं होतं की हाड छान जुळलंय, पण ते घरी सांगितलं नाही. त्यांची गाडी अर्धवटच राहिली. संध्याकाळी ते पलंगावर पाय लांब करून रेडिओ ऐकायला लागले, आणि बायको टेबलाशी बसायला लागली. तिने त्यांना बोलवून बघितलं. "जरा या इथे, ही तार ओवायला मदत करा." ते म्हणायचे, "तुझं तुला येतं की." बोलण्यात विष नव्हतं, पण ओलावाही नव्हता.

त्याच हिवाळ्यात ती एक काळी गाडी करत होती. काळा रंग सर्वांत अवघड, धुळीचा एक कणही झाकत नाही. शेवटचा पारदर्शक हात मारून तिने गाडी टेबलावर सुकत ठेवली, खिडकी लावली, पंखा बंद केला आणि म्हणाली, "आता दोन तास या खोलीत कुणी हलायचं नाही." मग दूध आणायला खाली गेली.

गाडीवाले पलंगावर बसले होते. समोर ती गाडी. ओला काळा रंग असा चमकत होता की त्यात खिडकी, खिडकीबाहेरची समोरची इमारत, तिच्यावरचं आभाळ, सगळं उभं होतं. आपल्या हातून असं कधीच होणार नाही, हे त्यांना त्या क्षणी जितकं स्वच्छ कळलं तितकं आधी कधी कळलं नव्हतं. ते उठले. पलंगावरची चादर त्यांनी दोन टोकांना धरली आणि झटकली. एकदा, आणि मग पुन्हा एकदा. मग नीट अंथरली, कोपरे खोचले. खिडकीतून येणाऱ्या उन्हात धूळ सावकाश खाली उतरताना त्यांना दिसत होती.

बायको आली. दुधाची पिशवी ओट्यावर ठेवून तिने गाडीवर वाकून बघितलं. मग पलंगाकडे बघितलं.

"चादर झटकलीत का?"

"सवयीने झटकली गेली."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. सत्तावीस वर्षांच्या संसारात गाडीवाल्यांनी कधी चादर झटकली नव्हती, सकाळचीही तीच झटकायची. "बरं," ती म्हणाली, आणि दूध तापवायला ठेवलं.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. पुढे कितीतरी संध्याकाळी ती तो रंग पाण्याखाली घासत बसली. एकेक कण काढला, पुन्हा हात मारला, पुन्हा घासला. गाडी झाली ती पहिल्यापेक्षाही सरस झाली. तिने ती कपाटात मागच्या ओळीत ठेवली, प्रदर्शनाला नेली नाही. टेबल पुसलं. पाती, ब्रश, पन्नी सगळं एका डब्यात भरलं आणि डबा माळ्यावर टाकला.

"आता पुढची कुठली?" गाडीवाल्यांनी आठवड्याभराने विचारलं. आवाज शक्य तितका सहज ठेवून.

"नको आता. डोळे दुखतात."

"डोळ्यांना काय झालंय?"

"दिवसभर काजं, संध्याकाळी हे. दुखणारच."

"माझ्यासाठी सोडत असशील तर सोडू नकोस."

"तुमच्यासाठी कशाला सोडेन," ती म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गॅलरीत गेली.

डॉक्टरांनी दोन-चारदा फोन केला. एकदा स्वतः जिने चढून आले. "वहिनी, असे हात लाखात एखाद्याचे असतात. वाया घालवू नका." ती म्हणाली, "डोळे साथ देत नाहीत हो, डॉक्टर." डॉक्टरांनी गाडीवाल्यांकडे बघितलं. गाडीवाले जमिनीकडे बघत होते. डॉक्टरांनी चहा घेतला, कपाटातल्या काळ्या गाडीसमोर जरा थांबले आणि गेले. मंडळात गाडीवाल्यांचं जाणं सुटलं, ते कायमचंच.

टेबलावर इस्त्री यायला लागली. मग भाजी निवडणं, मग औषधं. मुलगी सुटीत आली की विचारायची, "आई, बाबा, तुमच्या दोघांच्या गाड्यांचं काय झालं?" आई म्हणायची, "बाबांचं मनगट, माझे डोळे." मुलगी म्हणायची, "दोघं मिळून एक धड माणूस होत नाही तुमचा." आणि सगळे हसायचे. ती परत गेली की घरात पुन्हा रेडिओ.

गाडीवाल्यांना बोलायचं होतं. अनेकदा त्यांनी मनात वाक्य जुळवलं. चादरीचं सांगायचं, माफी मागायची. पण तिला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि तिने त्यावर पांघरूण घातलंय हेही ठाऊक होतं. ते काढायचं म्हणजे तिच्यासमोर पुन्हा उघडं पडायचं. काट्याची धार एकदा बोथट झाली की घासता येते. हे कुठून घासायचं ते त्यांना कळेना. दिवसामागून दिवस तसेच गेले. ते निवृत्त झाले. त्यांच्या पेटीतली वजनं काट्यांच्या दुकानाच्या मालकाने परत घेतली.

निवृत्तीच्या पैशांतून पहिली वस्तू त्यांनी आणली ती म्हणजे एक संच. सत्तावन्नची शेवरले, दुरंगी, जिच्या अंगावर क्रोमच क्रोम. दुकानात जाऊन त्यांनी मुद्दाम तीच निवडली. घरी आणून बायकोपुढे ठेवली.

"तुझ्यासाठी आणलीय."

तिने झाकण उघडलं, चौकटी उलटसुलट करून पाहिल्या, दाराच्या रेघेवरून बोट फिरवलं. तिचा चेहरा जरासा उजळला. "छान आहे," ती म्हणाली. "करू, सवड झाली की." आणि खोका कपाटावर ठेवला. तिथे तो चार वर्षं राहिला. तिने कारखाना सोडला, तिला सवडच सवड झाली, तरी राहिला. गाडीवाल्यांनी विचारायचं सोडून दिलं.

मग एके दिवशी दुपारी ते बँकेतून लवकर घरी आले तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. बायको खिडकीजवळच्या टेबलाशी बसली होती. माळ्यावरचा डबा खाली आला होता. शेवरलेचा सांगाडा तिच्यापुढे होता, रंग न दिलेला, पांढरा. ती नुसता पन्नीवर हात चालतो का ते बघत होती. पन्नी खिडकीच्या कडेवर दाबून बसवलेली, हातात पातं. तिने श्वास धरला, पातं टेकवलं, आणि पातं कडेवरून घसरून छपरावर गेलं. तिने पन्नी काढली, दुसरी लावली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तिने डोळे चोळले, सांगाडा खिडकीकडे धरला, जवळ आणला, लांब नेला, मान वाकडी करून बाजूने बघायला लागली.

"काय होतंय?" त्यांनी दारातूनच विचारलं.

ती दचकली नाही. "मधेच रेघ दिसत नाही," ती म्हणाली. "कडेचं दिसतं. जिथे बघावं तेवढंच नाहीसं होतं."

डोळ्यांच्या दवाखान्यात तिला एका डोळ्यावर हात ठेवून चौकोनांचा कागद दाखवला. रेघा सरळ दिसतात का विचारलं. ती म्हणाली, मधे नागमोडी आहेत. तपासणाऱ्या बाईंनी शांतपणे समजावलं की पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे, दोन्ही डोळ्यांत. औषधाने वेग थोडा मंदावेल. गेलेलं परत यायचं नाही. "कधीपासून त्रास होतोय?"

"दोन वर्षं झाली असतील," बायको म्हणाली. "मला वाटलं, वयाचं आहे."

"आधी का नाही आलात?"

गाडीवाल्यांनी हिशेब केला. तिचे डोळे बिघडले ते दोन वर्षांमागे. त्याआधीची सगळी वर्षं ते चांगले होते, आणि ती सगळी वर्षं त्या टेबलावर इस्त्री होती. घरी येताना त्यांनी तिचा हात धरला, रस्ता ओलांडायला. तिने धरू दिला.

आता स्वयंपाक ते करतात, ती शेजारी उभी राहून सांगते. तिला मधलं दिसत नाही म्हणून ती माणसाशी बोलताना जरा बाजूला बघते, त्यामुळे नव्या माणसाला ती रागावली आहे असं वाटतं. गाडीवाल्यांनाही कधी कधी वाटतं.

गेल्या महिन्यात तीच म्हणाली, "ती शेवरले तुम्ही का नाही करत? अशीच पडलीय."

"माझ्याच्याने आता काय होणार?"

"होईल तशी करा. घरात जरा काहीतरी चाललंय असं वाटेल."

त्यांनी केली. खालच्या अंगाला पांढरा रंग, वरच्या अंगाला फिका निळा. फवाऱ्याने मारला, एक ओघळ आला, घासला, तरी पुसटसा राहिला. ती खुर्चीत बसून विचारायची, "आता काय करताय?" आणि ते सांगायचे. शेवटी क्रोम आलं. तिने सांगितलं होतं तसा त्यांनी श्वास धरला. आपण कापतोय हे विसरायचा प्रयत्न केला, पण ते त्यांना कधीच जमलं नव्हतं, त्या दिवशीही जमलं नाही. दाराच्या वरची रेघ मधोमध वाकली. खोलीत पन्नीचे तुकडे पडले होते आणि दुसरी लावायला पुरेशी उरली नव्हती.

"झाली?" तिने विचारलं.

"झाली."

"आणा बघू."

त्यांनी गाडी तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती मांडीवर घेतली आणि उजव्या हाताचं बोट पुढच्या दिव्यापासून मागे नेलं. बॉनेट, खिडकी, दार. दारावर, बरोबर त्या वाकलेल्या जागेवर, तिचं बोट थांबलं. मागे आलं, पुन्हा तिथून गेलं. गाडीवाले बघत होते.

"छान झालीय," ती म्हणाली.

"हं," ते म्हणाले.

तिने गाडी परत दिली. ती त्यांनी कपाटात ठेवली, जागा पुढच्याच ओळीत होती. मग ओट्याशी जाऊन त्यांनी कुकर लावला, आणि तिने खुर्चीतूनच सांगितलं की पाणी जरा कमी घाला, काल जास्त झालं होतं.